लोखंड लावायचं नाही

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, मिश्री लावल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, हातानं चुरायची आणि ती पूड बोटानं हिरड्यांवर घासत बसायचं. भाजताना असा ठसका उठायचा की गोठ्यातली म्हैससुद्धा शिंकायची. मी भोर गावातली, चार बुकं शिकलेली, लग्न होऊन मार्गासनीला आलेली. मला त्या वासानं मळमळायचं आणि मी तसं तोंडावर बोलायची. त्यावर त्या म्हणायच्या, "तू भोरची म्हनून काय तुझं दात सोन्याचं हायेत का गं?" त्यांचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की ओढ्यापलीकडं ऐकू जायचा. आमचं दोघींचं पटत नाही असं गाव म्हणायचं. ते अर्धंच खरं होतं. भांडायला तोडीस तोड माणूस मिळालं म्हणून आम्ही दोघीही खूष होतो.

लढाईचे दिवस होते. आमचे हे पलटणीत, सासरे आधीच गेलेले, शेती धाकटे दीर बघायचे. त्या वर्षी सुगी उरकली आणि आत्याबाईंना तिखट झोंबायला लागलं. आधी ठेचा सुटला, मग कोरड्यास, म्हणजे कालवणही, बिनतिखटाचं मागायला लागल्या. डाव्या बाजूची शेवटची दाढ हलते, तिचीच ही भानगड, असं त्यांनी ठरवून टाकलं. वेल्ह्याच्या बाजारात दात काढणारा बसायचा. त्याच्यापुढं बसून दाढ उपटून आल्या, आणि ती पदराला बांधून मला दाखवायला आणली. मोठा गड जिंकल्यासारखा थाट.

पण दाढेचं भोक काही भरेना. आठवडे गेले. बोलताना त्या तोंड फिरवायला लागल्या, जेवायला कोपऱ्यात बसायला लागल्या. एकदा अंगणात ऊन खात होत्या, तेव्हा मी सरळ त्यांची हनुवटी धरली आणि म्हणाले, "आ करा." सुनेनं सासूच्या तोंडात बघायचं म्हणजे काय झालं! पण त्या इतक्या चकित झाल्या की त्यांनी आ केला. आत भिजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं काहीतरी पांढरट होतं, कडा उचललेल्या, मधे लाल. ते दाढेच्या भोकापासून आतल्या गालावर चढलं होतं.

"दुखतं का?"

"दुखत न्हाई. दुखलं असतं तर म्या गप बसले असते व्हय?"

तेच तर वाईट होतं, हे मला पुढं कळलं.

भोरला तेव्हा एक तरुण डॉक्टर आला होता. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात शिकून आलेला, तिथं तोंडाच्या रोगाचा अभ्यास चालायचा. त्याला एक खूळ होतं. कुणी कशालाही येवो, तो आधी बॅटरी घेऊन म्हणायचा, "आ करा." माझ्या माहेरच्या आळीतला एक म्हातारा पायात काटा मोडला म्हणून गेला, त्यालाही आ करायला लावलं. "काटा पायात हाय, सायेब," म्हातारा कळवळून सांगत होता आणि हा विचारत होता, तंबाखू कोणत्या गालात धरता? सगळं लिहून घ्यायचा. ज्या गालात तंबाखू त्याच गालात चट्टा, असं त्याच्या ध्यानात यायला लागलं होतं, आणि तो ते मुंबईच्या गुरूंना कळवायचा. भोरची माणसं त्याला हसायची. मीही हसले होते.

आता त्याच्याकडंच निघालो. नसरापूरपर्यंत बैलगाडी, पुढं सर्व्हिस मोटार. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. आत्याबाई काही उतरल्या नाहीत. "पैसं चालायचं दिल्यात का बसायचं?" म्हणून ड्रायव्हरला गप्प केलं.

डॉक्टरनं बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. गालाच्या आत कापडाची घडी घासली तर तिला एक कण लागून आला. तो त्यानं बाटलीत टाकला. मुंबईला पाठवतो म्हणाला. आणखी थोडा तुकडा कापून घेतला तर बरं होईल, असं म्हणून त्यानं हत्यार उचललं मात्र, आत्याबाई खुर्चीतून उठल्याच.

"लोखंड लावायचं न्हाई."

आमच्याकडं हे सगळेच मानायचे. असल्या गाठीला, असल्या जखमेला लोखंड लागलं की ती चवताळते, अंगभर पसरते. मी म्हणाले, "अहो, वेल्ह्याच्या बाजारात दाढ काय लाकडानं काढली?"

"दाढ म्हंजे हाड. हाडाला काय व्हतंय?"

डोक्यावर मिरे वाटावेत अशी बाई! डॉक्टरनं हात टेकले. मुंबईहून उत्तर आलं, ते वाईटच होतं. कॅन्सर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आत्ता गेलात तर आशा आहे, उन्हाळ्यानंतर नाही, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला. मी घरी येऊन आत्याबाईंशी भांडले, मग रडले, मग परत भांडले. ही बाई गेली तर या घरात मी बोलू कुणाशी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेवटी डॉक्टरनंच वाट काढली. तो म्हणाला, मुंबईला आधी रेडियमच्या, रोग जाळणाऱ्या सुया लावतील. त्या सुया लोखंडाच्या नसतात, प्लॅटिनमच्या असतात, सोन्याहून महाग. तो खोटं बोलत नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, "सोन्याहून म्हाग असंल तर जाऊ."

मुंबईत गावकीच्या खोलीत उतरलो. दिवसा मी इस्पितळात, दीर फाटकाबाहेर. आत्याबाईंच्या गालात दोऱ्यानं सुया ओवल्या होत्या. त्यांच्याजवळ फार वेळ बसायला बंदी होती, मी दारातून हातवारे करायची. नर्स येऊन सुया तपासून जायची, कारण एखादी निसटून मोरीत गेली तर तिला शोधायला अख्खं इस्पितळ लागलं असतं. सुया काढल्यावर खरे हाल सुरू झाले. तोंड आतून सोललं. पाणीसुद्धा झोंबायचं. पेजेत मिठाचा खडा पडला तर डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. आणि मिश्री बंद! मिश्रीसाठी त्या पेजेपेक्षा जास्त रडल्या. मी म्हणाले, "परत बोटाला काळं दिसलं तर मी माहेरी निघून जाईन." तर खुणेनं म्हणाल्या, जा.

पण जखम भरली. आम्ही घरी आलो. गावातल्या बाया येऊन तोंडात डोकावून गेल्या. मला वाटलं, सुटलो.

काही महिन्यांनी मुंबईला तपासणीला गेलो, तेव्हा तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या बोटांना जबड्याखाली गाठ लागली. आता मान उघडावी लागेल, म्हणाले, आणि जबड्याचा एक तुकडा काढावा लागेल. सुयांचं काम नाही. सुरी लागेल.

"लोखंडाची?" आत्याबाईंनी विचारलं.

"पोलादाची."

"मंग न्हाई."

डॉक्टर रागावले नाहीत. विचार करा, म्हणाले, पुढच्या तपासणीच्या दिवशी सांगा, पण त्यानंतर मला विचारू नका. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि माझा तोल सुटला. "मरा मग!" असं मी ओरडले. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "वरडू नगंस. म्या इचारते."

"कुणाला?"

त्यांनी बाकावरच्या माणसांकडं हनुवटी केली.

तो बाक परत तपासणीला आलेल्यांचा असायचा. मोठे डॉक्टर बरे झालेल्यांना कार्डं घालून बोलावून घ्यायचे. आजारी माणूस आपसूक येतो, बरं झालेलं येत नाही, आणि मला तर तेच बघायचं असतं, अशी त्यांची तक्रार असायची. आत्याबाईंना आयतंच मिळालं. त्या दिवशी आणि पुढच्या तपासणीच्या दिवशी त्या बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकत गेल्या. बाईमाणूस असो की बाप्या. "कुठलं गाव? आधी कुठं व्हतं? लोखंड लागलं का? कधी लागलं? लवकर आलता का उशिरा?" एका मच्छीवाल्या बाईनं मानेवरची शिवण उघडी करून दाखवली. आत्याबाईंनी ती बोटानं चाचपली. एका म्हाताऱ्याला कापलेलं नव्हतं, उशीर झाला म्हणून नुसत्या सुया लावल्या होत्या. तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या गालातून लाळ बाहेर येत होती. त्याच्याशी त्या सगळ्यात जास्त वेळ बोलल्या. मी लाजेनं मेले होते, पण थांबवायची हिंमत झाली नाही.

मग त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"माजी थोरली भन शिवऱ्याला दिली व्हती," त्या म्हणाल्या. "तिलाबी हेच झालं व्हतं. तुजं लगीन व्हायच्या आदी. हरभऱ्याएवढं व्हतं गं. पुन्याच्या डाक्टरनं सांगितलं, कापतो, बरी व्हशील. ती तयार झाली. गाडी जुंपली व्हती. म्या गाडीला आडवी पडले. म्हनलं, लोखंड लागलं तर तू मरशील, माजी आन हाय तुला. ती उतरली."

मी त्यांचा हात धरला.

"ह्या बाकड्यावर ज्याला लवकर लोखंड लागलं ती सगळी बसल्यात," त्या म्हणाल्या, "आन् माजी भन न्हाई." मग उठून आत गेल्या आणि मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "कापा."

कापलं. मान भरायला वेळ लागला. जबडा एका अंगाला ओढला गेला, जीभ आखडली. तोंड उघडावं म्हणून दातांमधे लाकडाच्या चिपा धरायच्या, आज एवढ्या, पुढच्या आठवड्यात एक जास्त. चिपा धरल्या की त्यांच्या घशातून जे आवाज यायचे ते शिव्यांचे असायचे, हे मला ओळखू यायचं. बाकी कुणालाच त्यांचं बोलणं कळायचं नाही. मी दिवसरात्र जवळ, म्हणून मला कळायचं. ज्या बाईचा आवाज ओढ्यापलीकडं जायचा, तिला भाकरी मागायला मी लागायची. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण ती जिवंत होती.

मुंबईहून परत येताना पुण्यापुढं मोटार शिवऱ्याला थांबली. आत्याबाई उठल्या आणि उतरायला लागल्या. दीर म्हणाले, "आई, आपलं गाव न्हाई हे." त्यांनी ऐकलं नाही. रस्त्यालगतच त्यांच्या भाचीचं घर होतं, थोरल्या बहिणीच्या लेकीचं. मोटारीतल्या लोकांना ती भुईमुगाच्या शेंगा विकायची. ती धावत आली. "मावशे, बया! काय हे तोंड झालं गं!" तिनं ओसरीवर घोंगडी टाकली. तिच्या बोटाला मिश्री होती, घाईत तिनं ती लुगड्याला पुसली.

आत्याबाईंनी पाणी घेतलं नाही. भाचीला समोर बसवलं आणि बोलायला सुरुवात केली. भाची माझ्याकडं बघायला लागली. "काय म्हनत्यात, वैनी?"

मला सगळं कळलं होतं. मी म्हणाले, "त्या म्हणतात, तुमच्या आईची फार आठवण येते."

आत्याबाईंनी माझ्या मांडीवर फाडकन चापट मारली. कान काही कापले नव्हते त्यांचे. परत तेच बोलल्या, हळू, एकेक शब्द सुटा करून, नजर भाचीवर ठेवून. मग माझ्याकडं वळल्या आणि थांबल्या. मला ते त्यांच्याच शब्दांत म्हणावं लागलं.

"तुजी आई बरी झाली असती. तिला जायाचं व्हतं. म्या जाऊ दिलं न्हाई. तुजी आई म्या मारली."

रस्त्यावर मोटारीचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. दीर खाली मान घालून उभे होते. मला वाटलं, ही आता आम्हाला हाकलून देणार, आणि दिलं तर तिचं काही चुकणार नाही.

"त्या दिशी आई नवं लुगडं नेसून गाडीत बसली व्हती," भाची शेवटी म्हणाली. "परत नेसली न्हाई ती. जपून ठिवलं. शेवटाला तेच तिला नेसवलं आमी."

आत्याबाईंच्या घशातून एक आवाज आला. त्याचा अर्थ मी कुणाला सांगितला नाही, आणि भाचीनंही विचारला नाही. ती उठली, रांजणातून पाणी घेऊन तिनं चूळ भरली, खसखसून दोनदा भरली. मग येऊन मावशीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि तिनं आ केला. ओसरीवर उजेड कमी होता. आत्याबाईंना नीट दिसेना, म्हणून तिचा गाल मी बोटानं बाजूला धरला.