घारटेंब

मामा गेल्याचा फोन मला घरच्यांच्या आधी एका बिल्डरने केला. पनवेलच्या भाजीबाजारात मी उभ्याउभ्या ते ऐकलं आणि रडू यायच्या आधी मनात आलं, याला कसं कळलं? मामा असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं. एसटी डेपोत कंट्रोलर म्हणून आयुष्य गेलेलं, उशिरा आलेल्या ड्रायव्हरचं कारण त्यांनी कधी पटकन मान्य केलं नाही.

पळस्प्याच्या पुढे आमचं गाव. गावामागच्या टेकडीला सगळे बापूखोताची टेकडी म्हणतात. बापूखोत म्हणजे मामांचे पणजोबा. वेठीला नकार देणाऱ्याला ते टेकडीवर झाडाला बांधून उन्हात ठेवत. मामांना हे निवृत्तीनंतर शेजारच्या हिरामावशींकडून कळलं आणि ग्रामसभेत त्यांनी मागणी केली, आमच्या घराचं नाव टेकडीवरून काढा. गावाला वाटलं, खोताचा पणतू नाव सोडतोय म्हणजे जमिनीवर डोळा असणार. त्यातच पायथ्याशी इमारती बांधणारा तो बिल्डर पाठिंबा द्यायला पेढे घेऊन घरी आला. मामांनी पेढे परत पाठवले. "याला एवढी घाई का?" असं मला कितीदा तरी म्हणाले...

खरा विरोध हिरामावशींचा. त्यांच्या आजेसासऱ्याला तिथेच बांधलं होतं. भर सभेत त्या म्हणाल्या, "नाव गेला तं आमी शिव्या कोनाला द्याच्या?" मामा खाली बसले. नंतर एवढंच विचारलं, खोताच्या आधी टेकडीला काय म्हणायचे? मावशींना माहीत होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. मामा अधूनमधून त्यांच्या ओटीवर जाऊन कोरा चहा पीत, विचारत आणि तसेच परत येत. मावशींचा विश्वास शेवटपर्यंत बसला नाही.

शोकसभेत गावच्या पुढाऱ्याने सुचवलं, टेकडीला मामांचंच नाव देऊया. पहिली टाळी बिल्डरची. मी नको म्हणायला उठणार, इतक्यात हिरामावशी काठी टेकत उभ्या राहिल्या.

"तो माझेकरं नाव मांगाला यायचा, सोताचा लावाला नाय. घारटेंब म्हनायचे तिला."

मामांना ऐकायचं होतं ते असं त्यांच्या फोटोसमोर सांगितलं गेलं. खाली बसताना मावशींनी पदराने डोळे पुसले. पुढच्या ग्रामसभेने तेच नाव मंजूर केलं.

गेल्या आठवड्यात हायवेवर नवी जाहिरात लागली : घारटेंब हाइट्स. मावशींना मी अजून सांगितलेलं नाही...

मामांच्या खोलीची मागची खिडकी टेकडीकडे उघडते. सकाळी तिथे उभे राहून ते दाढी करत आणि टेकडीकडे बघून म्हणत, "आज तिच्यावर धुकं आहे," "आज ती स्वच्छ दिसतेय." खोताचं नाव तोंडात घ्यायचं नव्हतं, दुसरं ठाऊक नव्हतं. खिडकीत त्यांचा आरसा अजून तसाच टांगलेला आहे.

परवा मी तिथे उभी राहिले. टेकडी स्वच्छ दिसत होती. माझ्याही तोंडून "ती" असंच निघालं.