चुकीची चिठ्ठी

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत समोर राहणारे गृहस्थ गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या जाती ओळखतात, हा माझा आयटी कंपनीतला हमखास विनोद होता. ते प्रत्येक शंख टोक वर धरून बघतात आणि बोलतात मोजकंच.

एका रविवारी खडकवासल्याला मला एक रिकामा शंख सापडला. डबीत घालून सोबत चिठ्ठी ठेवली: 'नवी जात.' खाली माझं नाव, ठसठशीत. जातीला माझंच आडनाव लावायचं, हेही मी ठरवून टाकलं होतं.

त्यांनी भिंगातून पाहिलं. "आपण कॉम्प्युटरवाले ना?"

"हो."

"तरीच. अहो, ही जात खडकवासल्याला पावलोपावली पायाखाली येते."

मी चिठ्ठी फाडायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "आमच्यात चुकीची चिठ्ठी फाडत नाहीत. बरोबर नाव लिहून शेजारी ठेवतात." मग दुसरी डबी उघडून दाखवली. आत तीन चिठ्ठ्या. दोन चुकीच्या, त्यांच्याच अक्षरातल्या, सहीसकट. तिसरी, बरोबर, त्यांच्या विद्यार्थिनीची.

माझी चिठ्ठी त्यांनी घडी घालून, बरोबर नावाच्या चिठ्ठीशेजारी, डबीसकट जपून कपाटात ठेवली.

कंपनीत मी तो विनोद अजून सांगतो. फक्त त्यातला माणूस बदललाय.