दम खा... गो!

उजव्या हाताचा तळवा समोर धरायचा, मान किंचित वाकडी करायची आणि म्हणायचं, "दम खा गो!" माणूस असो की वस्तू, आमच्या आपाचा हुकूम एकच. ऑफिसातला प्रिंटर भराभर कागद ओकायला लागला की त्याला "दम खा गो." गॅसवरचा चहा उतू जायला आला की त्यालाही. एकदा मेट्रोचं दार बंद होत होतं, तर तिने दारालाच तळवा दाखवला, आणि खरं सांगते, दार पुन्हा उघडलं. पुढच्या डब्यात कुणाची तरी बॅग अडकली होती म्हणून ते उघडलं, पण श्रेय तिने घेतलं.

दुबईतल्या आमच्या कॉलेजात ती मुलींची ताकदीची कोच होती. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींकडून वजनं उचलून घ्यायची, त्यांचे गुडघे आणि खांदे मजबूत करायचे, हे तिचं काम. मी त्याच खेळ विभागाच्या ऑफिसात वेळापत्रकं आणि बसगाड्या सांभाळते. ती रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली, मी नाशिकची. दोघी राहायला दुबईच्या करामा भागात, एकाच इमारतीत. सगळं कॉलेज तिला कोच म्हणायचं, मी आपा. डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, गळ्यात शिट्टी, पायात भडक नारिंगी बूट. उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढीच, पण चालायला लागली की मला मागून पळावं लागे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जगाला सावकाशीने घ्यायला सांगतात आणि स्वतः कायम घोड्यावर बसलेली असतात. आपाला मी बसून चहा पिताना पाहिलेलं नव्हतं. तिची लेक म्हणायची, "मम्मा, यू नेव्हर सिट!" त्यावर आपा उभ्या उभ्याच तिची वेणी घालत म्हणायची, "बसू गो, इन्शाल्ला, रिटायर झाल्यावर बसू."

तिचा कॉलेजातला पहिला दिवस मी जन्मात विसरणार नाही. मुलींनी वजनं उचलली, त्या धापा टाकायला लागल्या, आणि आपा सवयीने ओरडली, "दम! दम खा गो!" आता, आपला दम म्हणजे श्वास, उसंत. अरबीत मात्र दम म्हणजे रक्त. जॉर्डनची एक उंच मुलगी होती, ती तडक माझ्या ऑफिसात धावत आली आणि प्रथमोपचाराची पेटी उचलून पळाली. मी तिच्यामागे. जाऊन बघते तर अरब मुली एकमेकींचे हातपाय तपासतायत, केरळच्या मुली त्यांना धीर देतायत, आणि आपा मधोमध उभी राहून विचारतेय, "अरे, हुआ क्या? किसको लगा?"

रक्ताचा घोळ मिटला, तर "गो"चा सुरू झाला. कोकणात बाईमाणसाला हाक मारताना गो म्हणतात, हे त्या मुलींना कोण सांगणार? त्यांना ते इंग्रजी वाटलं. "दम खा गो" म्हटलं की निम्म्या बसायच्या आणि निम्म्या पुन्हा वजन उचलायला धावायच्या. आपा दोन दिवस चिडली. तिसऱ्या दिवशी तिने त्या चुकीलाच कामाला लावलं. "दम खा" म्हणायची आणि गप्प व्हायची. मुली बाकावर बसायच्या, पाणी प्यायच्या, श्वास खाली यायचा. चांगली दोन-तीन मिनिटं गेली की आपा कडाडायची, "गो!" आणि सगळ्या एकदम उठायच्या. एका वाक्याच्या मधोमध एवढी विश्रांती मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आमच्या विभागप्रमुखांचं दुखणं नेमकं तिथेच होतं. दिल्लीकडचे गृहस्थ, माणूस वाईट नाही, पण त्यांना हालचाल दिसली पाहिजे. ते व्यायामशाळेत डोकावायचे तेव्हा मुली नेमक्या बसलेल्या असायच्या. "कोच, लडकियाँ तो बैठी रहती हैं," ते म्हणायचे. कॉलेजात वजनांची खोली एकच. मुलांच्या संघांना ती जास्त वेळ हवी होती, आणि मुलींचा संध्याकाळचा तास त्यांना देऊन टाकावा, असं साहेबांच्या मनात यायला लागलं होतं.

त्याच सुमारास कॉलेजांमधल्या ताकदीच्या कोचांची परिषद जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका हॉटेलात भरायची होती. आपाने भाषणासाठी नाव दिलं. विषय काय? विश्रांती. दोन उचलींच्या मधली उसंत वाया जात नाही, ताकद तिथेच भरून येते, हे ती सांगणार होती. साहेबही येणार होते. "कॉन्फरन्स हो जाए, फिर टाइम-टेबल देखते हैं," त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. म्हणजे आपाचं भाषण पडलं की मुलींचा तास खलास.

आपाने तयारी घरात चालत चालत केली. मी सोफ्यावर, लेक सोफ्यावर, आणि ही किचन ते बाल्कनी. "मम्मा, टू फास्ट," लेक म्हणायची. "नोबडी कॅन अंडरस्टँड."

"तिथं हळू बोलते ना! यल्ला, चल, पुढची स्लाइड!"

परिषद म्हणजे बघण्यासारखा प्रकार होता. दारासारखे रुंद पुरुष, ताठ मानेच्या बायका, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. हस्तांदोलन केलं की आपली बोटं मोजून परत घ्यावीत. खेळाडूंना जिने चढायला लावणारी ही मंडळी एक मजला वर जायला लिफ्टसमोर रांग लावून उभी होती. आपा त्यांच्या शेजारून जिन्याने धावत वर गेली आणि वरून ओरडली, "गुड मॉर्निंग, कोचेस!" मला तिथेच हसू फुटलं.

तिची वेळ आली ती जेवणानंतरची. बिर्याणी झालेली, एसी गार, माना डुलायला लागलेल्या. साहेब पहिल्या रांगेत. आपा मंचावर चढली आणि सुटलीच. विश्रांतीवरचं भाषण तिने असं हाणलं की मला स्लाइड बदलायला बोट पुरेना. चित्र एक, बोलणं तिसरंच. लोक एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आपाच्या कपाळावर घाम होता आणि वाक्य मध्येच अडकलं होतं, पुढेही जाईना, मागेही येईना.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कोच! दम खा!"

आमच्या मुली तिथे ओळखपत्रं वाटायला आल्या होत्या. ती जॉर्डनची उंच मुलगी खुर्चीवर चढून, तळवा समोर धरून उभी होती. अर्धं सभागृह दचकून जागं झालं. "दम? वेन दम?" कुठे आहे रक्त म्हणून इजिप्तचे एक आडदांड कोच उठून शेजाऱ्यांची डोकी तपासायला लागले. हॉटेलातला एक माणूस तर खरोखरच प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत आला.

आपाने ते पाहिलं आणि ती हसत सुटली. हसता हसता मंचाच्या कडेवर चक्क बसली. नारिंगी बूट खाली लोंबत होते. ती पाणी प्यायली, तिने श्वास घेतला, आणि सभागृहही, आपण कशाची वाट बघतोय हे न कळता, गप्प बसलं. मग मागून सगळ्या मुली एका सुरात ओरडल्या, "गो!"

आपा उठली ती दुसरीच आपा. सावकाश म्हणाली, "माझ्या भाषेत दम म्हणजे श्वास. तुमच्या भाषेत रक्त. दोघंही बरोबर आहोत. माणूस बसतो तेव्हाच रक्त श्वास घेऊन परत येतं." मग तिने कोचांकडून उठाबशा काढून घेतल्या, आधी उसंत न देता, मग देऊन. साहेबांनाही हात धरून वर बोलावलं. पहिल्या खेपेला साहेब माइकचा खांब धरून उभे राहिले. "सर, बैठिए," आपा म्हणाली, "दम खाइए." ते बसले. दुसऱ्या खेपेला त्यांनी दुप्पट काढल्या आणि टाळ्या पडल्यावर लहान मुलासारखे खूश झाले. मला आपाचा इतका अभिमान वाटला की मी स्लाइडचं बटण सोडून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होते.

मुलींचा तास टिकला. पुढच्या आठवड्यात साहेब व्यायामशाळेत डोकावले, मुली बसल्या होत्या. "रेस्ट?" त्यांनी विचारलं. "येस, सर!" मग तेही बाकावर टेकले आणि "गो" ऐकून सगळ्यांच्या आधी उठले.

आपा आता इथे नाही. नवऱ्याने रत्नागिरीत धंदा उभारला, तेव्हा ती परत गेली. तिथे शाळेच्या मुलींना शिकवते. व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा कमी आणि पळणारं आकाश जास्त दिसतं. मला तिची आठवण येते, विशेषतः चहा उतू जाताना.

तिच्या जागी ट्युनिशियाची एक तरुण कोच आली. पहिल्याच संध्याकाळी ती पांढऱ्याफटक चेहऱ्याने माझ्या ऑफिसात धावत आली. "फर्स्ट-एड बॉक्स! प्लीज! मुली रक्त रक्त म्हणून ओरडतायत!"

मी उठले नाही. उजव्या हाताचा तळवा समोर धरला, मान किंचित वाकडी केली.

"दम खा," मी म्हटलं.

ती गोंधळून खुर्चीत बसली. मी तिला पाणी दिलं. तिचा श्वास खाली येईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. पलीकडच्या खोलीतही शांतता होती. मग भिंतीपलीकडून सगळ्या मुलींचा एकदम आवाज आला.

"गो!"