साडूची सवलत

माझ्या साडूला सिंगापूर सरकारने करात सवलत दिली, त्याला आता वर्ष होईल. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

साडू म्हणजे सुहास, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. यंत्रांचे सुटे भाग विकतो. टॅम्पिनीसच्या पलीकडे त्याची चार मजली इमारत आहे आणि तिच्यात त्याने वीज वाचवणारी यंत्रणा बसवली. खोलीत हालचाल नसली की दिवे बंद. ऑफिस सुटलं की एसी आपोआप बंद. (एकदा मी त्याच्या टॉयलेटमध्ये निवांत बसलो आणि मिट्ट काळोख झाला. दोन्ही हात हवेत फिरवत बसलो होतो, तरी मनात हेच की आपल्याकडे असं का नाही?) वीज वाचली म्हणून करात सूट मिळाली, आणि सूट मिळाली म्हणून पुण्याहून सासूबाईंचा मला व्हिडिओ कॉल.

"विलासराव, आमच्या सुहासने नाव काढलं हो!"

मीही त्यांचाच जावई. शिवाय थोरला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माझ्या बाबतीत त्या नाव काढण्याचं एकदाच बोलल्या: लग्नपत्रिकेत विलासचा विनायक छापला गेला तेव्हा म्हणाल्या होत्या, 'आता ते नाव काढा.' मी त्याच क्षणी ठरवलं, दिवाळीच्या आत आपल्यालाही सवलत. आणि ही बातमी त्यांना फोन करून मीच देणार.

माझं ऑफिस लिटिल इंडियाच्या एका गल्लीत, भाड्याच्या दुमजली शॉपहाउसमध्ये, म्हणजे शेजारच्याशी भिंतीला भिंत लागलेल्या जुन्या दुकानघरात आहे. जहाजाने जाणाऱ्या मालाची कागदपत्रं आम्ही करतो. माणसं सहा, एसी नऊ. (तीन आधीच्या भाडेकरूने ठेवले होते. फुकटचे म्हणून मी काढले नव्हते.) जुने एसी काढून नवे बसवले, सगळे दिवे बदलले आणि वीजतपासणीसाठी मिस लिम नावाच्या बाईंना बोलावलं. त्यांनी मीटरपाशी एक डबी लावली. आठवडाभर ही डबी तासातासाची वीज मोजणार. वापर पुरेसा खाली आला, तर सवलतीचा अर्ज पुढे जाणार.

त्या आठवड्यात मी ऑफिसचा तुरुंग केला. चहाची किटली कपाटात आणि कपाटाला कुलूप. एसी सत्तावीसवर. आमचे अकाउंटंट शर्टाची बटणं उघडी टाकून, कपाळाला ओला रुमाल बांधून काम करत होते. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण सवय अंगात मुरली पाहिजे म्हणून मी घरचाही एसी बंद केला.

"बाबा, सो हॉट ला," आमची सई सिंगापुरी सुरात म्हणाली. "घराचं मीटर कोण चेक करतंय?"

तिचं बरोबर होतं. पण जळणाऱ्या माणसाला बरोबर गोष्टी ऐकू येत नाहीत.

मंजिरी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, फराळाचं करायला घेतलंय. दुपारचा तरी लावू द्या."

"माझ्या लहानपणी एसी होता का?"

"तुमचं लहानपण सिंगापुरात गेलं का?"

यावर मी एसीचा रिमोट खिशात टाकला आणि विषय संपवला.

रविवारी सुहासने मला पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला बोलावलं. "तुम्ही जाच," मंजिरी म्हणाली, "मला खूप कामं आहेत." एरवी ती मला कुठेही इतक्या प्रेमाने पाठवत नाही, पण मला शंका आली नाही. बोटीत मी सुहासला सहज सांगितलं, "आमच्याकडेही मोजणी चालू आहे."

"अरे वा, विलासराव! माझ्यापेक्षा जास्त वाचवाल तुम्ही." हा माणूस मनापासून बोलतो, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

सोमवारी ऑफिसात शिरलो तर तुपाचा आणि वेलदोड्याचा घमघमाट. शेजारी शर्माजींचं मिठाईचं दुकान आहे, दिवाळी तोंडावर आली आहे, असा विचार करून मी कामाला लागलो.

गुरुवारी मिस लिम आलेख घेऊन आल्या. सोमवार ते शनिवार छान बुटके खांब. रविवारचा एक मात्र कागदाबाहेर जायला निघालेला.

"सर, वीकडे व्हेरी गुड," त्या म्हणाल्या. "बट संडे यू क्लोज्ड, राइट? हाउ कम संडे हायेस्ट?"

आधी मी म्हटलं, डबी बिघडली. त्यांनी डबी तपासली, ठणठणीत होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: शर्माजी! भिंतीला भिंत, दिवाळीच्या ऑर्डरी, भलेमोठे फ्रीज. मी मिस लिमना साक्षीदार म्हणून घेऊन थेट दुकानात घुसलो आणि भर गिऱ्हाइकांत आवाज चढवला, "शर्माजी, आप हमारी बिजली चुराते हैं?"

शर्माजींनी शांतपणे काजूकतली तोलून दिली आणि म्हणाले, "भाईसाहब, संडे को तो आपके यहाँ भाभीजी आयी थीं. टॅक्सी से. आठ परातें लेकर."

मी तिथूनच मंजिरीला फोन लावला.

"अहो, बेसनाचे लाडू घरात बसेनात. वळला की पसरायचा. तुमच्या ऑफिसात सगळे एसी सोळावर ठेवले तेव्हा कुठे घट्ट झाले. सोमवारी तुम्ही यायच्या आत परत नेले."

"सगळे एसी? आठ पराती लाडू खाणार कोण?"

"सुहासच्या ऑफिसातली माणसं. त्याने दिवाळीला द्यायला ऐंशी खोक्यांची ऑर्डर दिली आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही करू दिले असते का?"

"मग त्याच्याच इमारतीत का नाही ठेवलेस?"

"कसे ठेवणार? त्यांच्याकडे सुट्टीला एसी लागतच नाही. म्हणून तर त्याला सवलत मिळाली ना!"

मिस लिमना मराठी येत नाही, पण माझा चेहरा बघून त्यांनी आलेखाची घडी घातली. अर्ज पुढे गेला नाही. शर्माजींची माफी मागून मी एक किलो काजूकतली विकत घेतली, गरज नसताना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दिवाळीत सुहासने आम्हाला त्याच्या ऑफिसात बोलावलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पुण्याहून सासूबाई. "आमच्या इमारतीत एक युनिट वाया जात नाही," सुहासने भाषणात सांगितलं, आणि सगळ्यांना लाडवांचे खोके वाटले. मला स्वतःच्या हाताने दिला.

"विलासराव, सिंगापुरात इतका घट्ट लाडू मी पहिल्यांदा पाहतोय. ताईंचं कौतुक आहे."

पडद्यावरून सासूबाई म्हणाल्या, "शिका हो विलासराव, सुहासकडून वीज कशी वाचवायची ते."

सुहासची वीज कशी वाचवायची, ते सिंगापुरात माझ्याइतकं कुणालाच जमलेलं नाही.