दुबई सांगितलं होतं

डॉक्टर सुजाताबाई नाडी बघायच्या आधी विचारायच्या, "कुठं गेलतास?" बेळगावातला त्यांचा दवाखाना परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्यांचा. जाताना लस, गोळ्या, येताना ताप. माणूस कणकुंबीच्या रानातून आलेला असो की आफ्रिकेतून, प्रश्न तोच. "ताप अंगात दिसतोय, पण त्याचं मूळ वाटंवर असतंय," म्हणायच्या. निपाणीत विड्या वळणाऱ्या आईची ही लेक, उष्ण देशांतल्या रोगांचं शिक्षण घेऊन पुन्हा इकडंच आलेली. दिवसभर विचारून आवाज दमलेला असायचा, तरी एका उत्तरावर त्या थांबत नसत.

माझा पुतण्या संजय टांझानियात काजूच्या कारखान्यात होता. थोरल्या भावाच्या माघारी त्याचं लग्न मीच बघत होतो. आफ्रिका म्हटलं की सोयरीक मोडते, म्हणून कडोलीच्या पाव्हण्यांना दुबई सांगितलं होतं. साखरपुड्यासाठी तो गावी, गुंजीला आला आणि तापानं फणफणला. दवाखान्यात होणारे सासरेही सोबत आले. संजयला धड बोलवत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी मला विचारलं. मी दुबई म्हणालो.

"नक्की? आफ्रिका असंल तर आत्ताच ठेवून घेते."

"जावई दुबईचाच हाय ओ," सासरे हसून म्हणाले. मी मान हलवली.

रक्तात काही दिसलं नाही. उद्या पुन्हा आणा, असं त्यांनी बजावलं. पण उद्या साखरपुडा होता, नेलं नाही. त्याची शुद्ध गेल्यावर मोठ्या इस्पितळात धावलो. मलेरिया निघाला. पोरगं गेलं.

बाईला मलेरिया कळला नाही, असं गावानं ठरवलं. कोट्यातली डॉक्टर, असंही बोलले. संजयच्या आईनं, म्हणजे वहिनींनी, दवाखान्याच्या दारात उभं राहून त्यांना नको ते ऐकवलं. मी शेजारी गप्प उभा होतो.

पुढे मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. संजय कुठून आला होता ते त्यांना इस्पितळातून समजलं होतं. मग तुम्ही बोलला का नाही, मी विचारलं.

"त्या माउलीला आता घरात तुम्हीच एक हायसा, अण्णा. त्ये बी काढून घेऊ व्हय?" एवढं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

गेल्या महिन्यात डॉक्टर वारल्या. वहिनी म्हणाल्या, देवानं न्याय केला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही, सगळं सांगितलं. वाटलं, आता माझ्यावर ओरडतील.

"मी त्या बाईची जात काढल्ती, भावजी," त्या म्हणाल्या. "आता कुणाच्या पाया पडू?"