टोपाखालचा डबा

हरमलच्या किनाऱ्यावर एक प्रश्न विचारायचा नसतो. होडी पाण्यात ढकलणाऱ्या माणसाला "खंय?", म्हणजे कुठे निघालास, असं म्हणायचं नाही. म्हटलंत, की तो होडी परत वर ओढतो, घोटभर पाणी पितो, तुमच्याकडे बघत थोडा वेळ बसून राहतो, आणि त्या दिवशी मासळी कमी आली तर दोष तुमच्या माथी. इथल्या जुन्या मच्छीमाराच्या, शिवदासमामांच्या बायकोने, विनोदिनीमामीने, छत्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न एकदाही विचारलेला नाही. आणि मी, मच्छीमार संस्थेचा चिटणीस, त्याच मामांच्या हातात असा एक डबा ठेवला, जो दर काही मिनिटांनी तोच प्रश्न विचारतो आणि उत्तर थेट आभाळात पाठवतो.

डबा सरकारी योजनेतला, फुकट. होडीवर बसवायचा. मोबाइलची रेंज नसली तरी तो उपग्रहाशी बोलतो आणि होडी कुठे आहे ते कंट्रोल रूमला कळवतो. वर एक तांबडं बटण. संकटात ते दाबलं, की आसपासच्या होड्यांवरच्या डब्यांना आणि संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला आपली जागा जाते. मी हे सगळं नीट समजावलं. बाकीच्यांनी सह्या केल्या. मामांनी विचारलं, "ग्रुपार कितके जण?"

"एकशे बेचाळीस," मी म्हटलं.

मामांनी डब्याकडे असं पाहिलं, जसं ठरलेली सोयरीक मोडायला आलेल्या माणसाकडे पाहावं.

घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. मामांचं एक खडप आहे. खडप म्हणजे समुद्राच्या पोटातला खडक. मामांना ते वडिलांकडून आलेलं, आणि तिथे तांबसे मासे लागतात, हातभर लांबीचे. ते सापडतं दोन खुणांवरून. किनाऱ्यावरची एक वस्तू डोंगरावरच्या दुसऱ्या वस्तूच्या बरोबर रेषेत आली, की नांगर टाकायचा. कुठल्या वस्तू, ते मला विचारू नका. मला गावात राहायचं आहे.

मामा तिथे सरळ कधीच जात नाहीत. आधी केरीच्या बाजूला, मग उगाच खोल, मग काही तरी विसरल्यासारखं करून मागे. ही सगळी कसरत परेशसाठी. परेश त्यांचा शेजारी, वयाने वीस वर्षांनी लहान, स्वतःची होडी असलेला, आणि मामांच्या मते पेडणे तालुक्यातला पहिल्या नंबरचा पाळतखोर. मामा निघाले, की तासाभराने तोही निघतो आणि लांबवर ठिपक्यासारखा दिसत राहतो. एकदा मामांनी मांद्र्यासमोर नुसत्या वाळूवर नांगर टाकून त्याला अख्खा दिवस उन्हात बसवलं होतं. स्वतःही रिकाम्या हाताने परत आले, पण रात्री दोन घास जास्त जेवले.

असा माणूस डबा होडीवर बसवून घेईल कसा? पण घेतला. न बसवणाऱ्याचा परवाना अडेल, असं मी दरडावून सांगितलं होतं. ते खोटं होतं, हे आता कबूल करतो.

याच सुमारास त्यांचा जावई गौरेश आला. मामांच्या मुलीला, सिद्धीला, सातवा महिना लागला होता, तिला माहेरी सोडायला. गौरेश डिचोलीकडचा, पाळी गावचा. खाणी जोरात होत्या तेव्हा तो तिथे एका ऑफिसात बसून खनिजाच्या ट्रकांवर नजर ठेवायचा. प्रत्येक ट्रकात असाच एक डबा, समोर पडद्यावर नकाशा, आणि कोण ड्रायव्हर चहाच्या गाड्यावर वीस मिनिटं उभा आहे, हे विचारायचं काम गौरेशचं. मामांनी त्याला माशाची कोडी, म्हणजे आमटी, वाढली आणि हळूच विचारलं, "जावयबापू, तुमचे ड्रायव्हर त्या डब्याक कसे फसयत?"

"एक जण टोप उपडा घालायचा, मामा. अॅल्युमिनियमचा. डब्याला आभाळच दिसत नाही."

जन्मभर ज्यांना पकडलं त्यांची विद्या सासऱ्याच्या कामी येतेय, याची गौरेशला जराही लाज वाटली नाही. उलट त्याने दोरीने टोप घट्ट बांधूनही दिला. विनोदिनीमामी दोन दिवस भाताचा टोप शोधत होती. मला कंट्रोल रूममधून फोन आला, की ही होडी किनाऱ्यावरून निघते आणि गायब होते. मी मामांना जाब विचारला. मामा म्हणाले, "डबो लाजता."

टोपाची बक्षिसी म्हणून गौरेशने मागितलं, की मलाही समुद्रात न्या. जावयाला नाही म्हणायचं कसं? तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात दोघे निघाले. मामांनी त्याला होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, किनाऱ्याकडे पाठ करून बसवलं आणि मागे वळून पाहिलंत तर पोटात ढवळतं, असं सांगितलं. गौरेशने मागे पाहिलं नाही. सकाळी खाल्लेला पाव आणि पातळ भाजी तरीही बाहेर आली. मामा मात्र खुशीत होते. परेशच्या घरी पाहुणे आल्याने त्याची होडी वाळूवरच होती. त्या दिवशी मामा आयुष्यात पहिल्यांदा खडपावर सरळ गेले.

दुपारपर्यंत सहा तांबसे लागले. दोनच्या सुमाराला नैर्ऋत्येकडून आभाळ काळवंडलं. मामांनी इंजिन चालू केलं. ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं, ते पडलंच.

"मामा, बटण दाबा," गौरेश म्हणाला.

"हंय? हंय खडपार दाबू?" मामा म्हणाले. "एकशे बेचाळीस जणांक?"

आणि त्यांनी काय केलं असेल? नांगर वर ओढला, एक वल्हं जावयाच्या हातात दिलं, एक आपण घेतलं. "वायच वल्हवूया. दक्षिणेक. मगे दाबूया."

वारा वाढत होता. नांगरावर होडी निदान एका जागी होती. आता ती लाटांच्या हाती गेली. पावसाची सर अशी आली, की किनारा दिसेना. ऑफिसात नकाशा बघणाऱ्या माणसाच्या तळहाताला फोड यायला किती वेळ लागतो, हे गौरेशने मला नंतर हात उघडून दाखवलं. सव्वा तास सासरा-जावई वल्हवत होते. खडप पुरेसं लांब राहिलं, असं वाटल्यावरच मामांनी दोरी सोडली, टोप काढला आणि बटण दाबलं. डब्यावर हिरवा दिवा लागला. डब्याशी जोडलेल्या गौरेशच्या मोबाइलवर उत्तर आलं, की संदेश मिळाला आहे, मदत पाठवत आहोत.

होडीत पाणी येत होतं. त्याच टोपाने गौरेश ते बाहेर फेकत होता. तो चिडला नाही, हेच मामांना जास्त लागलं. त्याने खाली मान घालून एवढंच विचारलं, "मामा, सिद्धीला कोण सांगणार?"

मामांच्या हातातलं वल्हं थांबलं. सहा तांबसे पायाशी लोळत होते. नातवंडाचं तोंड बघायच्या आधी पोरीच्या घोवाला आपण एका दगडापायी दर्यात घातलं, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं. त्यांनी जावयापुढे हात जोडले. "माझी चूक, गौरेश," म्हणाले. जावयबापू वगैरे काही नाही.

पाऊण तासाने सरीतून एक होडी आली. परेशची. तो ओला चिंब, डोळे लाल, आणि दोर फेकायच्या आधी मामांवर ओरडला, "तू खडपार कित्याक नाय होतंस?"

"खंयच्या खडपार?" मामा म्हणाले. हो, तेव्हासुद्धा.

परेशने दोन्ही खुणा घडाघडा सांगितल्या, किनाऱ्यावरची आणि डोंगरावरची.

"दोनाक ढग बघून जेवणावरनं उठलंय," परेश म्हणाला. "तुझी होडी वाळूर नाय. सरळ खडपार गेलंय. थंय कोणच नाय, नांगराची दोरी पण नाय. तासभर थंयच फिरलंय, मामा. बुडलास असा धरून चललंय. मामीक काय सांगू, ह्याच जुळयत होतंय. तेवढ्यात डब्यार तुझो निरोप इलो. दोन मैल दक्षिणेक. हंय काय करतस तू?"

याचं उत्तर मामांजवळ होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. गौरेशने टोप पायाने फळीखाली सरकवला. मामांनी विचारलं, "तुका कोणी दाखयला ता?"

"तुझ्या बापाशीन माझ्या पप्पाक. पप्पान माका. अठरा वर्सां झाली."

"मगे माझ्या मागसून कित्याक येतस?"

"तू एकटोच जातस. पप्पान सांगितल्लां, शिवदास हट्टी, नदर ठेव." परेशने दोर आवळला. "आणि तुझे वळसे बघूक मजा येता."

त्याने इंजिन वाढवलं. मामांची होडी ओढली जाऊ लागली. हरमलचे माड सरीतून थोडे थोडे दिसायला लागले तेव्हा मामा नाळेवर गेले आणि पुढच्या होडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "थंय तांबसे लागतत. हातभर."

परेशने मागे वळून पाहिलं.

"लागतत?" तो म्हणाला. "माका कसा कळतला? मी थंय गळ खंय टाकलंय?"