तिसरी चूल

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माण तालुक्यात गावोगाव बोअर घेणाऱ्या गाडीवर मी साहेब म्हणून लागलो. वय चोवीस, राग नाकाच्या शेंड्यावर, त्यात कॉलेज सांगलीचं, म्हणजे शिष्टपणाही भरपूर. पाच माणसं, दोन तंबू आणि चार महिने उघडा माळ.

महिनाभरात बोअरचे मिस्त्री आणि ड्रायव्हर यांची जुंपली. कशावरून? भाकरीवरून! स्वयंपाक ड्रायव्हर करायचा. तो पलूसचा, त्याला ज्वारीचीच लागायची. मिस्त्री माणातले, त्यांना बाजरीशिवाय घास उतरत नसे. रोजची कटकट ऐकून मी फर्मान काढलं, "दोघांच्या चुली वेगळ्या!" आमच्याकडं भावाभावांचं पटेना की हाच तोडगा काढतात. मी आपला स्वतःवर खूश.

झालं, बोलणंच बंद. मिस्त्री 'थांबव' म्हणाले नाहीत, ड्रायव्हरनं इंजिन थांबवलं नाही आणि बोअर खोदणारी दांडी भोकात अडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी फाट्यावरनं एसटी धरून घरी जायला वळकटी बांधली. ते गेले तर बोअर अर्धवट राहणार होतं, आणि गावातल्या बाया रोज रिकाम्या घागरी घेऊन येऊन बघत होत्या.

तेव्हा मी एक पुस्तक वाचत होतो. बर्फात जहाज अडकलेल्या एका कप्तानानं कुरकुरणारी माणसं मुद्दाम आपल्या तंबूत घेतली होती. अंतराळात माणसं जवळजवळ तीन महिने राहून आल्याचंही रेडिओवर ऐकलं होतं. ते सगळं मी मिस्त्रींना ऐकवलं आणि ऐटीत म्हणालो, "आजपासून माझ्या तंबूत राहा."

ते शांतपणे म्हणाले, "आवं सायेब, त्यो कप्तान जेवायला कुटं बसत हुता?"

मी पहिल्या दिवसापासून तंबूत, माझ्या स्टोव्हवर, पुस्तक उघडं ठेवून एकटा जेवत होतो.

"पैली चूल तुमीच येगळी मांडलीसा. आमी काय, तुमचंच बगून शिकलो."

लय लाज वाटली. स्टोव्ह उचलला, गाडीत टाकला आणि ड्रायव्हरच्या चुलीपुढं जाऊन मांडी घातली. मिस्त्री वळकटी काखेत धरून उभेच. ड्रायव्हरनं कुणाकडं न बघता बाजरीचं पीठ परातीत घेतलं. भाकरी फुगली तशी ती ताटात टाकून त्यानं ताट मिस्त्रींकडं सरकवलं.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मिस्त्री खाली बसले, भाकरी मोडली आणि म्हणाले, "जाऊ द्या तिला."